भाच्याला आइस हॉकीत करिअर करायचंय: नावाच्या पट्ट्या शिवणाऱ्याचं उत्तर

एका मामांनी विचारलं आहे. भाचा सतरा वर्षांचा, कॅनडातल्या मेजर ज्युनिअर, म्हणजे किशोरांच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये बचावपटू म्हणून खेळतो आणि त्याला पुढे हेच करायचं आहे. आईवडील धास्तावलेत. यात पोट भरतं का, किती वर्षं भरतं, आणि तिशीनंतर माणूस करतो काय?

मी खेळाडू नाही, प्रशिक्षकही नाही. एकोणीस वर्षं संघांचं सामान सांभाळतोय. इक्विपमेंट मॅनेजर म्हणतात आम्हाला. स्केटच्या पात्यांना धार लावायची, फाटलेले हातमोजे शिवायचे, स्टिका मागवायच्या, घामाने ओली झालेली पॅडं वाळत घालायची, रात्री अडीचला बसमधून बॅगा उतरवायच्या. यातली बहुतेक वर्षं एएचएलमध्ये गेली, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगच्या लगेच खालच्या पायरीवर. वरचा झगमगाट मी फारसा पाहिलेला नाही. मी जिन्यात उभा आहे. वर जाणारे याच जिन्याने जातात आणि खाली येणारेही याच जिन्याने येतात, आणि दोघांच्याही बॅगा मीच भरतो.

माझ्या टेबलाच्या खणात एक पत्र्याचा डबा आहे. त्यात जर्सीच्या पाठीवर लावायच्या नावाच्या पट्ट्या आहेत. खेळाडू आला की पट्टी शिवायची, गेला की उसवून डब्यात टाकायची, कारण तो परत येऊ शकतो. एका मुलाची पट्टी मी एकाच हंगामात सहा वेळा शिवली आणि सहा वेळा उसवली. शेवटी सुईची भोकं इतकी झाली की नवी पट्टी करून घ्यावी लागली. तो वाईट खेळत नव्हता, चांगलाच खेळत होता. मग सहा वेळा का, हे कळलं की या धंद्याचा निम्मा हिशेब कळतो.

आधी जागा मोजू. एनएचएलमध्ये ३२ संघ. प्रत्येकाच्या चालू यादीत जास्तीत जास्त २३ खेळाडू, म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये एकूण ७३६ खुर्च्या. प्रत्यक्ष सामन्याला त्यातले वीसच उतरतात, १८ खेळाडू आणि २ गोलरक्षक. दरवर्षी ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत २२४ नवी मुलं निवडली जातात. खुर्च्यांवर आधीच माणसं बसलेली असतात आणि कुणीही आपणहून उठत नाही. त्यामुळे ड्राफ्ट झाला म्हणजे नोकरी लागली असं घरात कुणाला वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढा. ड्राफ्ट म्हणजे तुमच्याशी करार करण्याचा हक्क एका संघाने राखून ठेवला, एवढंच. करार करायलाच हवा असं त्या संघावर बंधन नाही.

आणि क्रमांकाचं फार मनावर घेऊ नका. १९९३ च्या ड्राफ्टमध्ये अलेक्झांद्र डेग पहिला निवडला गेला आणि ख्रिस प्राँगर दुसरा. डेगला पहिल्याच करारात इतके पैसे मिळाले की त्यानंतर नवख्यांच्या पगारावर कमाल मर्यादाच आली. प्राँगर पुढे २००० मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २००७ मध्ये स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. डेगची कारकीर्द त्या पहिल्या क्रमांकाला कधीच साजेशी झाली नाही. पावेल दात्सुक १७१ वा, हेनरिक लुंडक्विस्ट २०५ वा. मार्टिन सेंट लुईसला तर कुणी निवडलंच नव्हतं, उंची कमी म्हणून. २००४ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्यालाच मिळाला. ही नावं प्रत्येक प्रशिक्षक प्रत्येक आईला सांगतो. मीही सांगतो, पण सांगताना मला तो डबा आठवतो. एका दात्सुकमागे त्यात किती पट्ट्या आहेत ते मी मोजत नाही.

आता त्या सहा वेळांबद्दल. अठरा ते एकवीस या वयात मुलगा एनएचएल संघाशी पहिला करार करतो तो तीन वर्षांचा असतो आणि टू-वे असतो: वरच्या लीगमध्ये असाल त्या दिवसाचा पगार वेगळा, खालच्या लीगमधल्या दिवसाचा वेगळा. २०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान पगार वर्षाला ७,७५,००० डॉलर आहे. हंगामाच्या दिवसांनी भागला तर दिवसाला सुमारे चार हजार. हाच मुलगा दुसऱ्या दिवशी आमच्याकडे खाली असेल तर त्याला याचा लहानसा तुकडा मिळतो.

पण त्याला वर-खाली नाचवण्याचं मूळ कारण पैसा नाही. कारण आहे वेव्हर्स. मुरलेल्या खेळाडूला खालच्या लीगमध्ये पाठवायचं असेल तर आधी त्याचं नाव बाकीच्या ३१ संघांपुढे ठेवावं लागतं, आणि चोवीस तासांत कुणीही त्याला उचलून नेऊ शकतो. नव्या खेळाडूला पहिली काही वर्षं ही अट लागू नसते. म्हणजे त्याला खाली पाठवणं संघाला फुकट पडतं. वरच्या संघात कुणाचा घोटा मुरगळला की याला बोलावणार, घोटा बरा झाला की हा परत. बत्तीस वर्षांचा, याच्यापेक्षा संथ झालेला माणूस जागेवर राहतो, कारण त्याला पाठवलं तर हातचा जाईल ही भीती. परवापरवापर्यंत तर सामना नसलेल्या दिवशी नुसतं कागदावर खाली पाठवायचे, पगारमर्यादेतले, म्हणजे संघाच्या एकूण पगारावर लीगने घातलेल्या मर्यादेतले, तेवढ्या दिवसाचे पैसे वाचावेत म्हणून. मुलगा मात्र हॉटेलच्या खोलीतच.

हे मी इतकं सविस्तर सांगतोय ते अशासाठी की वीस-एकवीस वर्षांची मुलं इथेच मोडतात. गोल केला, घरच्यांचे फोन आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत बसमध्ये. ‘माझं काय चुकलं?’ हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल, हातात धार लावायला आणलेलं स्केट धरून. काहीच चुकलेलं नसतं. नियम त्यांच्या बाजूने नसतो, इतकंच. तुमच्या भाच्याला हे आता सतराव्या वर्षी माहीत असणं आणि एकविसाव्या वर्षी अनुभवातून कळणं यात फार फरक आहे.

टिकतो कोण, याबद्दलचं माझं मत ऐका. ज्युनिअरमध्ये प्रत्येक जण आपल्या गावचा हिरो असतो, पॉवर प्लेला, म्हणजे समोरच्यांचा खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर असताना, तोच, शेवटच्या मिनिटाला तोच. वर गेल्यावर त्याला चौथी फळी, म्हणजे सगळ्यात कमी वेळ खेळणारे आघाडीपटू, किंवा बचावपटूंची तिसरी जोडी मिळते. आइस हॉकीत एक शिफ्ट म्हणजे ४०-४५ सेकंद जीव तोडून पळायचं आणि उडी मारून बेंचवर परत यायचं. चौथ्या फळीला अशा दहा-बारा शिफ्ट मिळतात, सगळ्या मिळून आठ-दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत चूक न करणं ही नोकरी. गोल केला तर बोनस समजा. ज्यांना हे कमीपणाचं वाटतं ते दोन-तीन वर्षांत दिसेनासे होतात. ज्यांनी मनापासून स्वीकारलं, म्हणजे पेनल्टीच्या वेळी बचाव करणं, फेसऑफ जिंकणं, म्हणजे खेळ सुरू करताना टाकलेली रबरी चकती, पक, ताब्यात घेणं, समोरून येणाऱ्या पकपुढे आडवं पडणं, त्यांच्या पट्ट्या मी वर्षानुवर्षं उसवलेल्या नाहीत.

भाचा बचावपटू आहे म्हणून एक बारीक चौकशी: तो उजव्या हाताचा आहे का, म्हणजे स्टिक उजव्या बाजूला धरून फटका मारतो का? डाव्या बाजूने मारणारे खेळाडू जास्त असतात, आणि प्रत्येक संघाला बचावाची उजवी बाजू सांभाळायला उजवेच हवे असतात. तेवढे मिळत नाहीत. सारख्याच दर्जाच्या दोन मुलांत उजव्याला वर्षभर जास्त संधी मिळालेली मी पाहिली आहे. आणि बचावपटू उशिरा पिकतात. विसाव्या वर्षी कच्चा वाटलेला चोविसाव्या वर्षी एकदम सुधारतो. गोलरक्षकांचं तर विचारूच नका. टिम थॉमस फिनलंड, स्वीडन, खालच्या लीगा असं फिरत फिरत एकतिसाव्या वर्षी एनएचएलमध्ये पक्का झाला आणि २०११ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, स्टॅनली कपच्या सामन्यांचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पण सगळ्यांना एवढा वेळ मिळत नाही, आणि त्याचंही कारण एका नियमात आहे. एएचएल ही मुलं घडवण्याची लीग. त्यामुळे सामन्याला उतरणाऱ्या १८ जणांपैकी किमान १३ जण ‘विकासाचे खेळाडू’ असावे लागतात. त्यातल्या १२ जणांचे व्यावसायिक सामने २६० पेक्षा जास्त नकोत, एकाला ३२० पर्यंत सूट. आता हिशेब करा. आमच्या हंगामात ७२ सामने असतात. एकविसाव्या वर्षी सुरुवात केलेला मुलगा चार हंगामांत २६० ओलांडतो. म्हणजे पंचविशी-सव्विशीत, खेळ नुकता कुठे समजायला लागलेला असतो, तेव्हा त्याचा अनुभव त्याच्याच आड येतो. अठरात अनुभवी माणसांना जागा पाच. त्या पाचांत बसणार असाल तर छान पगार आणि कप्तानपदाची पट्टी. नाहीतर उन्हाळ्यात एजंटचा फोन येतो: युरोपला जातोस का?

हा फोन आला की घरात सुतक असल्यासारखं वागू नका. मी तर म्हणतो, बऱ्याच जणांची खरी कारकीर्द या फोननंतर सुरू होते. स्वीडनची एसएचएल, फिनलंडची लीगा, स्वित्झर्लंडची नॅशनल लीग, जर्मनीची डीईएल. पन्नासच्या आसपास सामने, प्रवास छोटा, रात्री माणूस बहुधा आपल्या घरी झोपतो. संघ राहायला जागा देतो, अनेकदा गाडीही. पण परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, आणि परदेशी म्हणून घेतलं म्हणजे तुम्ही गोल करून दाखवलेच पाहिजेत. दोन महिने कोरडे गेले तर घरचा रस्ता. स्वीडनमध्ये तळाचे संघ खालच्या लीगमध्ये ढकलले जातात, त्याचं दडपण अमेरिकेतून गेलेल्यांना झेपत नाही. अमेरिकेत हरलं की पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळतो, अशी त्यांना सवय.

आणि आमच्या खाली ईसीएचएल आहे. तिथे पगार आठवड्याने मिळतो, तोही फक्त हंगामात. शुक्रवार, शनिवार, रविवार सलग तीन दिवस तीन सामने, मधल्या रात्री बसमध्ये. राहायची सोय संघ करतो म्हणून निभतं. तिथे तेविसाव्या वर्षी असणं ही शिकण्याची जागा. तिशीत, बायको-मुलांसह असणं म्हणजे खेळावरचं प्रेम, पोटाची सोय नव्हे. मी कुणाला हसत नाही. विली ओ'रीला एनएचएलचे फक्त ४५ सामने मिळाले, पण खालच्या लीगांमध्ये तो चाळिशी ओलांडेपर्यंत व्यावसायिक हॉकी खेळला. १८ जानेवारी १९५८ ला तो बॉस्टनकडून उतरला, एनएचएलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याला उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं आणि ते त्याने संघापासून लपवून ठेवलं होतं.

लपवण्यावरून शरीराकडे येतो. हा भाग आईवडिलांनी वाचावा.

स्केटचं पातं जेमतेम तीन मिलिमीटर जाड असतं. त्याच्या तळाला लांबीभर मी चाकावर एक पन्हळ काढतो, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन कडा तयार होतात. खेळाडू या कडांवर उभा असतो, पात्यावर नाही. पन्हळ किती खोल काढायची ते चाकाच्या त्रिज्येवर ठरतं. अर्धा इंच ही बहुतेकांची आवडती. त्रिज्या लहान केली तर पन्हळ खोल होते, कडा बर्फात घट्ट रुततात, वळताना पाय हलत नाही, पण पळताना बर्फ धरून ठेवतो. मोठी केली तर पन्हळ उथळ, घसरण सैल. प्रत्येकाचा आकडा मला पाठ असतो. हा आकडा सहसा वर्षानुवर्षं बदलत नाही. मग एखाद्या दिवशी एकोणतीस-तीस वर्षांचा कुणीतरी येतो, इकडेतिकडे बघतो आणि हळूच म्हणतो, ‘आज थोडं कमी रुतू दे.’ मला कळतं, जांघेचा स्नायू दुखतोय. बर्फ पाय धरून ठेवतो तेव्हा तो झटका थेट जांघेत जातो, म्हणून सैल पातं हवं. फिजिओला त्याने अजून सांगितलेलं नसतं. प्रशिक्षकाला तर नाहीच. या धंद्यातलं म्हातारपण मला असं, पात्यावर आधी दिसतं.

जांघ आणि खुबा ही हॉकीची खास दुखणी. स्केटिंगची ढकल नैसर्गिक चालीसारखी पुढे-मागे नसते, बाजूला असते, आणि गोलरक्षक तर दिवसात शेकडो वेळा गुडघे आत वळवून खाली बसतात. टाचेवर हाडाचा गोळा येतो, त्यासाठी मी भट्टीत गरम करून बूट त्या जागी ठोकून रुंद करतो. दात जाणं आम्ही दुखापतीत धरत नाही. बॉबी ऑर सलग आठ वर्षं लीगचा सर्वोत्तम बचावपटू होता. गुडघ्यांनी त्याला तिसाव्या वर्षी, ६५७ सामन्यांनंतर, घरी बसवलं.

डोक्याचं जास्त गंभीर आहे. मी लागलो तेव्हा प्रत्येक संघात एक-दोन जण निव्वळ मारामारीसाठी असत. डेरेक बुगार्डने एनएचएलमध्ये २७७ सामने खेळून ३ गोल केले. त्याचं काम गोल करणं नव्हतंच. २०११ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी तो गेला, आणि मेंदूच्या तपासणीत वारंवार बसलेल्या ठोशांनी होणारा सीटीई हा विकार आढळला. ती नोकरी आज जवळपास उरलेली नाही, आणि ती गेली याचं मला वाईट वाटत नाही. भाचा अंगाने थोराड असेल आणि कुणी त्याला ‘मारामारीतून नाव काढ’ असा सल्ला देत असेल, तर त्या माणसाचा फोन पुन्हा उचलू नका.

२०१३ च्या जूनमध्ये बॉस्टनचा ग्रेगरी कॅम्पबेल येवगेनी माल्किनच्या फटक्यापुढे आडवा पडला. पायाचं हाड मोडलं. संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळत होता, म्हणून तो मोडक्या पायावर पाऊण मिनिट तसाच उभा राहून खेळला. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ही चित्रफीत ज्युनिअरच्या मुलांना दाखवतात. मी बघतो तेव्हा मला फक्त दिसतं की त्याचा त्या पायावर भार पडत नाहीये. शूर माणूस, शंकाच नाही. पण सतरा वर्षांच्या मुलाने यातून ‘दुखणं सांगायचं नसतं’ असा धडा घेतला तर त्याची कारकीर्द पाच वर्षांनी लहान होईल.

एक गोष्ट मात्र आजपासून करायला लावा. गळ्याचं कवच. २८ ऑक्टोबर २०२३ ला इंग्लंडमध्ये शेफील्डला सामन्यात ॲडम जॉन्सनच्या गळ्याला स्केटचं पातं लागलं आणि तो वाचला नाही. ज्युनिअरमध्ये घालायला लागतं म्हणून घालायचं आणि मोठं झालं की काढून टाकायचं, अशी इतकी वर्षं पद्धत होती. एनएचएलमध्ये २०२६-२७ पासून नव्याने येणाऱ्यांना ते सक्तीचं होणार आहे. जुने कुरकुर करतात, गरम होतं म्हणे. पातं किती धारदार असतं ते मी रोज बोटाच्या नखावर बघतो.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण ते आकडे सगळे वाचतात आणि त्यांच्यापुढे जे घडतं ते कुणी वाचत नाही. २०२५-२६ ला प्रत्येक संघाची पगारमर्यादा ९ कोटी ५५ लाख डॉलर आहे. २०२६ च्या सप्टेंबरपासून लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतला नवा सामूहिक करार लागू होईल, सामने ८२ चे ८४ होतील आणि किमान पगार टप्प्याटप्प्याने दहा लाखांपर्यंत चढेल. छान. आता त्या पगारातून कर जातो, तोही जिथे जिथे सामना खेळलात तिथल्या तिथल्या राज्याचा वेगळा. एजंटचे टक्के जातात. आणि एस्क्रो म्हणून काही भाग लीग आधीच कापून ठेवते, कारण एकूण उत्पन्नात खेळाडूंचा वाटा निम्माच असावा असा करार आहे. पगारांची बेरीज त्यापेक्षा जास्त झाली तर कापलेलं परत मिळत नाही. कागदावरच्या रकमेच्या निम्म्यावर संसार बेतावा, असं मी पोरांना सांगतो. तो निम्मा पगारही दोन-तीन वर्षंच मिळणार असं धरून चालावं.

एजंट निवडताना एक जुनी गोष्ट लक्षात ठेवा. ॲलन ईगलसन खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख होता आणि त्याच वेळी बॉबी ऑरसह अनेकांचा एजंटही. १९७६ मध्ये ऑरने बॉस्टन सोडलं. बॉस्टनने आपल्याला मालकीत वाटा देऊ केला होता हे ईगलसनने आपल्याला सांगितलंच नाही, असं ऑरने नंतर सांगितलं. ईगलसनने १९९८ मध्ये फसवणुकीचे गुन्हे कबूल केले आणि तो तुरुंगात गेला. जगातल्या सर्वोत्तम बचावपटूला जमलं नाही ते तुमच्या भाच्याला सतराव्या वर्षी आपोआप जमेल असं समजू नका. प्रत्येक प्रस्ताव लेखी मागा आणि घरातल्या कुणीतरी तो वाचावा. मामा असले तर उत्तमच.

मुलींबद्दल विचारलेलं नाही, पण भाच्याला बहीण असेल तर: १ जानेवारी २०२४ ला पीडब्ल्यूएचएल ही महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली. किमान पगार ३५,००० डॉलरने सुरुवात झाली, सहा संघांचे आठ झाले. पुरुषांच्या आकड्यांशी तुलना करून नाक मुरडू नका. त्याआधी राष्ट्रीय संघातल्या मुली दिवसभर नोकरी करून रात्री सराव करायच्या.

शिक्षणाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि इथे नशिबाने तुमच्या भाच्याला चांगला काळ लाभलाय. पूर्वी सतराव्या वर्षी एक दरवाजा उघडला की दुसरा बंद व्हायचा. कॅनडाच्या मेजर ज्युनिअरमध्ये एक सामना खेळलात की अमेरिकेच्या कॉलेज हॉकीला मुकलात, कारण ते ज्युनिअरला व्यावसायिक समजत. १ ऑगस्ट २०२५ पासून ती बंदी उठली. आता ज्युनिअर खेळूनही कॉलेजात जाता येतं. गॅव्हिन मॅकेनासारखा, ज्याच्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेत असा मुलगाही मेडिसिन हॅटच्या ज्युनिअर संघातून अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात गेला. ज्याला ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीची खात्री नाही अशा बचावपटूला मी डोळे मिटून कॉलेज सांगेन. सामने कमी, व्यायामाला दिवस जास्त, चार वर्षं शरीर भरायला मिळतात, आणि बावीस-तेविसाव्या वर्षी हातात पदवी. ज्युनिअर लीगांतही खेळलेल्या हंगामांच्या बदल्यात शिक्षणाच्या खर्चाची सोय असते, पण व्यावसायिक करारावर सही केली की ती कधी आणि कशी बुडते हे सही करण्याआधी वाचा. सही झाल्यावर वाचणारे मी बरेच पाहिले.

केन ड्रायडन मॉन्ट्रियलचा गोलरक्षक असतानाच कायदा शिकला. १९७३-७४ चा हंगाम त्याने चक्क सोडला आणि वकिलीची उमेदवारी केली. परत येऊन कप जिंकले, एकूण सहा, आणि १९७९ मध्ये एकतिसाव्या वर्षी, अजून सर्वोत्तम असतानाच, थांबला. पुढे खासदार, मंत्री. सगळे ड्रायडन नसतात. माझ्या ओळखीतले खेळून झालेले काय करतात? तीन जण अग्निशमन दलात आहेत. एक जण विमा विकतो आणि खेळायचा त्यापेक्षा बरं कमावतो. दोघे स्काऊट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे, आहेत, वर्षाचे दोनशे दिवस गाडीत. बरेच प्रशिक्षक. काहींचं नीट झालं नाही. खेळ सुटल्यावर पहिला सप्टेंबर उजाडला आणि कुठेच जायचं नसलं, की माणूस सैरभैर होतो. लहानपणापासून कुणीतरी त्याला वेळापत्रक हातात देत आलेलं असतं. बायका मला सांगतात, पहिलं वर्ष फार वाईट. जे खेळत असतानाच उन्हाळ्यात कुठेतरी महिना-दीड महिना नोकरी करून आले होते, त्यांना ते वर्ष सोपं गेलं. भाच्याने हे विसाव्या वर्षापासून करावं.

आता ‘किती वर्षं?’ याचं उत्तर. एनएचएलचीच वर्षं मोजणार असाल तर शून्य ते चार-पाच धरा, पुढची सगळी वरकमाई. खालच्या लीगा आणि युरोप धरून मोजणार असाल, आणि मुलगा डोक्याने शांत, शरीराने धड आणि उपयोगाचा असेल, तर बारा-तेरा. दुसरी मोजणी मला जास्त खरी वाटते, कारण बहुतेक हॉकीपटूंचं आयुष्य तिच्यात बसतं. भाच्याला आज हे दुसरं आयुष्य रंगवून सांगा: बस, फिनलंडमधलं एखादं गाव, चौथी फळी, कुणाला नाव माहीत नाही. ऐकूनही त्याला खेळायचंच असेल तर अडवू नका.

तो सहा पट्ट्यांचा मुलगा वर कधीच पक्का झाला नाही. एनएचएलमध्ये एकूण चौतीस सामने, मग जर्मनीत सात वर्षं. मागच्या सप्टेंबरमध्ये स्केट घेऊन आला. तेरा वर्षांखालच्या मुलांना शिकवायला लागलाय, म्हणाला. मी नेहमीसारखं विचारलं, अर्धा इंच ना? त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, ‘नाही, खोल काढ. त्यांना थांबून दाखवायला लागतं.’